दोन राज्यं, एक रविवार

सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरात एकाच खिळ्यावर दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. वर कालनिर्णय, त्याच्याखाली जबलपूरचं लाला रामस्वरूप. एकावर दुधाचा हिशेब, दुसऱ्यावर गॅसचं सिलिंडर कधी लावलं त्याची तारीख. डिसेंबरात दोन्ही नवी आली की आमचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ती खिळ्यावर चढायच्या आत ताब्यात घेतो, पलंगावर शेजारी-शेजारी पसरतो आणि लाल-निळी पेनं घेऊन बसतो. निळं त्याचं, लाल वहिनीचं. वहिनी स्वयंपाकघरातून विचारते, "लागलं का काही हाताला?" दादा मान वर न करता म्हणतो, "थांब गं. अजून मार्चच चाललाय."

दादा इथंच बऱ्हाणपुरात, मध्य प्रदेश सरकारच्या एका कार्यालयात बाबू आहे. वहिनी रोज सकाळी लालबागच्या स्टेशनावरून गाडी धरून रावेरला जाते. तिथं एका बँकेत आहे. अंतर अर्ध्या तासाचं. अलीकडं केळी, पलीकडं केळी. अलीकडं वांग्याचं भरीत, पलीकडंही तेच. मे महिन्यात दोन्हीकडं माणूस सारखाच भाजून निघतो. मध्ये फक्त राज्याची हद्द लागते. ती रुळांना कळत नाही, सुट्ट्यांना मात्र बरोब्बर कळते. दादाच्या सुट्ट्या भोपाळहून निघतात, वहिनीच्या मुंबईहून, आणि दोघींची गाठ बऱ्हाणपुरात पडेलच याची काही खात्री नसते.

मी या सगळ्याकडं तटस्थपणे बघू शकतो, कारण माझं कापडाचं दुकान आहे. लोकांना सुट्टी असते तेव्हा माझा धंदा असतो, आणि लोक कामावर असतात तेव्हा मी गल्ल्यावर बसून जांभया देतो. शिवाय ज्या गावात शनवारा, इतवारा आणि बुधवारा अशा वस्त्या आहेत आणि त्या सातही दिवस सारख्याच गजबजलेल्या असतात, त्या गावातल्या माणसानं वाराचं एवढं मनावर घेऊ नये असं माझं मत. पण माझं मत घरात कोण विचारतो.

आता या सुट्ट्या ठरतात कशावरून? दादाला एकदा विचारलं तर त्यानं १८८१ सालचा कायदा काढला. परक्राम्य संलेख अधिनियम. सरळ सांगायचं तर हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेक यांचा कायदा. त्याच्या २५ व्या कलमात म्हटलंय की हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय समजावी. म्हणजे सुट्टी आली म्हणून देणेकऱ्याला एक दिवसाची सवलत नाही. उलट एक दिवस आधीच पैसे मोजा. त्या कलमाखाली सार्वजनिक सुट्टी कोणती हे जाहीर करायचा अधिकार आज राज्य सरकारांकडं आहे. आपण ज्याला सण म्हणतो, नटतो-थटतो, पुरणपोळ्या करतो, त्याचं सरकारी मूळ सावकाराच्या वसुलीत आहे हे ऐकून आईनं कानांवर हात ठेवले. मी व्यापारी माणूस, मला ते पटलं.

तर भोपाळची यादी वेगळी, मुंबईची वेगळी. शिवजयंतीला, १९ फेब्रुवारीला, वहिनीला सुट्टी, दादा ऑफिसात. १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंतीची दादाला सुट्टी. वहिनी रावेरच्या गाडीत. जन्माष्टमीला दादा घरी, वहिनी काउंटरवर. सगळ्यात कमाल राखीपौर्णिमेची. मध्य प्रदेशात रक्षाबंधनाची सुट्टी असते, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. म्हणजे ज्याला मनगट पुढं करून नुसतं बसायचं आहे त्याला अख्खा दिवस मोकळा, आणि जिला सकाळी उठून नारळीभात करायचा, भावाकडं जायचं, ओवाळायचं, ती ५ वाजेपर्यंत लोकांच्या पासबुकात नोंदी करत बसलेली. वहिनीचा भाऊ संध्याकाळी स्टेशनवर येऊन राखी बांधून घेतो. फलाटावरच. रुमाल डोक्यावर टाकून.

आमच्या खानदेशाची खरी दिवाळी म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण महाराष्ट्र सरकारच्या यादीत आखाजी नाही. गंमत अशी की मध्य प्रदेशात आखाजीला बहुतेक वेळा सुट्टी मिळते, फक्त ती आखाजीची नसते. त्याच तिथीच्या परशुराम जयंतीची असते. दादा परशुरामाच्या कृपेनं घरी बसून पुरणाचे खापराचे मांडे खातो आणि जिच्यासाठी हा सण आहे ती बँकेत. २०२६ मध्ये आखाजी १९ एप्रिलला, रविवारी आली. परशुरामानं कुऱ्हाड खाली ठेवली, दोघांचं भांडण मिटलं.

दादाचा २०२६ वर फार जीव. का, ते त्यानं मला गल्ल्यावरच्या कागदावर गणित मांडून दाखवलं, आणि कबूल केलं पाहिजे, गणित देखणं आहे. १ मे ते २ ऑक्टोबर हे अंतर १५४ दिवसांचं, म्हणजे बरोब्बर २२ आठवडे. २ ऑक्टोबर ते २५ डिसेंबर ८४ दिवस, म्हणजे १२ आठवडे. त्यामुळं महाराष्ट्र दिन, गांधी जयंती आणि नाताळ हे तिन्ही दिवस दर वर्षी एकाच वारी येतात. लीप वर्ष असो, नसो. एवढी वर्षं आपण तिन्ही सण साजरे करतोय आणि हे तिघं एकमेकांचा हात धरून चालतात हे आपल्या ध्यानात येत नाही. २०२६ मध्ये ते शुक्रवारी आले. आणि वर २६ जानेवारी सोमवारी. सोमवारचा प्रजासत्ताक दिन आणि तीन शुक्रवार असा योग याआधी २०१५ मध्ये होता, पुढं २०३७ मध्ये आहे. "तोवर मी रिटायर," दादा म्हणाला. "म्हणजे हेच."

त्यात कोरोनाच्या काळात मध्य प्रदेशच्या सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागला. त्यामुळं दादाला शुक्रवारची सुट्टी म्हणजे तीन दिवस अलगद हातात. १ मे ला महाराष्ट्र दिनाशी त्याचा काही संबंध नाही, पण २०२६ मध्ये बुद्धपौर्णिमाही त्याच दिवशी, आणि ती मध्य प्रदेशात आहे. दादानं निळ्या पेनानं तिन्ही शुक्रवारांभोवती आणि २६ जानेवारीभोवती गोल काढले, वर चांदण्या काढल्या.

मग वहिनीनं लाल पेन उचललं.

बँकेला सगळे शनिवार मोकळे नसतात. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद, बाकीच्या शनिवारी पूर्ण दिवस काम. १ मे शुक्रवारी, म्हणजे २ मे हा पहिला शनिवार. बँक चालू. २ ऑक्टोबर शुक्रवारी, ३ हा पुन्हा पहिला शनिवार. बँक चालू. यात नशिबाचा भाग नाही. १ किंवा २ तारखेला शुक्रवार आला की दुसऱ्या दिवशी पहिला शनिवारच येणार, ते ब्रह्मदेवाला चुकवता यायचं नाही. राहिला नाताळ. २६ डिसेंबर चौथा शनिवार. बंद! २४ जानेवारी, तोही चौथा शनिवार. बंद! दादाच्या सगळ्या चांदण्यांपैकी दोनच शिल्लक राहिल्या, त्याही थंडीतल्या. उरलेल्या शनिवारी दादा घरी गव्हाला ऊन दाखवणार आणि वहिनी रावेरला नोटा मोजणार, असं ठरल्यासारखंच झालं.

जानेवारीतली चांदणी तर कागदावरच. सरकारी माणसाला २६ जानेवारी ही सुट्टी असते असं फक्त बाहेरच्यांना वाटतं. त्या दिवशी ध्वजवंदनाला हजर राहावं लागतं, पांढऱ्या शर्टात, सकाळी, रोजच्या वेळेच्याही आधी. मग लाडू मिळतो. तो खाऊन माणूस घरी येईपर्यंत अर्धा दिवस संपलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यात फार फार तर ताप्तीच्या राजघाटापर्यंत जाता येतं.

आणि सुट्टी असली म्हणून दादाला गाव सोडता येतं असंही नाही. त्याच्या अर्जाचा मजकूर मला पाठ झालाय. 'सविनय निवेदन है कि प्रार्थी को आवश्यक घरेलू कार्य होने से एक दिवस का आकस्मिक अवकाश, मुख्यालय छोड़ने की अनुमति सहित, प्रदान करने की कृपा करें.' यातलं आवश्यक घरेलू कार्य म्हणजे काय, हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. खरी मेख शेवटच्या तुकड्यात. मुख्यालय म्हणजे बऱ्हाणपूर. ते सोडायला परवानगी लागते, सुट्टीच्या दिवशीही. वहिनी रोज उठून परराज्यात जाते-येते, तिला कुणी हटकत नाही. आणि दादा रविवारी तिच्या माहेरी, सावद्याला, भरीत खायला गेला तरी नियमानं त्याला वरिष्ठांची सही हवी. तो सही न घेताच जातो, पण सावद्यात ऑफिसचं कुणी दिसलं की केळीच्या गाडीआड उभा राहतो.

वर्षाला त्याला तेरा सीएल आणि तीन ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे सरकारनं सणांची लांबलचक यादी द्यायची आणि तुम्ही तीन निवडायच्या. या यादीपुढं दादा असा बसतो की यूपीएससीचा पेपर सोडवणाऱ्यानं शिकावं. कोणत्या संताची जयंती सोमवारी, कोणाची पुण्यतिथी शुक्रवारी. गेल्या काही वर्षांत त्यानं अशा संतांच्या जयंत्या पाळल्यात ज्यांच्या अनुयायांनाही त्या आठवत नसतील. आई खूश असते. तिला वाटतं, मुलगा धार्मिक झाला.

या बाबतीत आमच्या गावाइतकी सोय आणि आमच्या गावाइतका घोळ दुसरीकडं नसेल. कालनिर्णयात महिना अमावास्येनंतर बदलतो, लाला रामस्वरूपात पौर्णिमेनंतर. त्यामुळं शेजारच्या गुप्ताइनचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. २०२६ चंच बघा: तिचा ३० जुलैला सुरू, २८ ऑगस्टला संपला, आमचा १३ ऑगस्टला सुरू, ११ सप्टेंबरपर्यंत. शहाण्या घरात यातला एक पाळतात. आमच्या आईला शेजारणीपुढं कमी पडायचं नसतं, म्हणून आमच्याकडं दोन्ही पाळतात. दीड महिना घरात अंडंसुद्धा येत नाही. दादानं एकदा हिंदी आणि मराठी श्रावणाच्या मध्ये एखादी फट सापडते का पाहिलं. सापडली नाही, ते दोघं एकमेकांवर चांगले पंधरा दिवस चढलेले असतात. पलीकडं उज्जैनमध्ये तर महाकालाच्या सवारीसाठी सावनात शाळांना सोमवारी सुट्टी आणि रविवारी शाळा असा हुकूम निघालेला आहे. आमच्या आतेबहिणीची मुलं तिकडं शिकतात. रविवारी ती शाळेत, सोमवारी आई-बाप ऑफिसात. कुणालाच कुणाची सुट्टी भेटत नाही.

ईदेचं तर विचारूच नका. २०२६ चा पाडवा १९ मार्चला, गुरुवारी. पाडव्याच्याच संध्याकाळी चांद दिसला तर ईद शुक्रवारी. तसं झालं तर दादाला गुरुवार ते रविवार सलग चार दिवस, एकही सीएल न मोडता. नाही दिसला तर ईद शनिवारी, म्हणजे आधीच मोकळ्या असलेल्या दिवसावर सुट्टी वाया. त्यामुळं डिसेंबरपासूनच दादाचा बेत ठरला होता की सकाळी गुढी उभारायची आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडं बघायचं. अमावास्या त्याच सकाळी संपत होती. एवढ्या कोवळ्या चंद्राची कोर दिसत नाही हे शाळेतल्या भूगोलावरूनही कळतं. पण श्रद्धेला भूगोल लागत नाही.

यात खरा सुखी माणूस म्हणजे बाजारातले आमचे बोहरा काका. लोधीपुऱ्यात दरगाह-ए-हकीमी आहे, त्यामुळं आमच्याकडं बोहऱ्यांची ये-जा जगभरातून. त्यांचं मिसरी कॅलेंडर गणितानं बांधलेलं असतं. एक महिना तीस दिवसांचा, पुढचा एकोणतीसचा, आणि तीस वर्षांत अकरा वेळा शेवटच्या महिन्याला एक दिवस जास्त. चांद बघायची भानगड नाही. काकांना दहा वर्षांनंतरची ईद आज विचारा, आज सांगतील. दादा त्यांच्याकडं हार्डवेअर घ्यायला जातो, खिळे विकत घेतो आणि अर्धा तास हे गणित ऐकत उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव असतो तो मी देवळातसुद्धा पाहिलेला नाही.

जपानमध्ये म्हणे कायदाच आहे: दोन सार्वजनिक सुट्ट्यांच्या मध्ये एखादा कामाचा दिवस अडकला तर तोही सुट्टीचा होतो. शिवाय काही सण त्यांनी कायमचे सोमवारी नेऊन ठेवलेत. चीनमध्ये सरकार लांब सुट्टी जोडून देतं आणि मग तेवढे दिवस शनिवार-रविवारी कामाला बोलावून वसूल करतं. जपानचं ऐकून दादाचे डोळे भरून आले. चीनचं ऐकून म्हणाला, "हे आपल्याकडं कुणाला सांगू नकोस."

पण सगळी मेहनत पाण्यात घालवणारी गोष्ट वेगळीच असते, आणि २०२६ मध्ये तिचं नाव अधिक मास. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. ती तूट भरायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा घालावा लागतो. या वेळी अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. अधिकात सण नाहीत, म्हणजे त्यांच्या सुट्ट्याही नाहीत. लग्नंही नाहीत. म्हणून ज्यांना मे-जूनमध्ये बार उडवायचा होता ते सगळे १७ मेच्या आत घुसले. आमच्या नात्यात १ ते ३ मे या तीन दिवसांत हळद, साखरपुडा आणि लग्न असा पुरवठा इतका झाला की दादाचा तो पहिला सोनेरी शुक्रवार एका मांडवात संपला, शनिवार दुसऱ्या, रविवार तिसऱ्या. बऱ्हाणपूरच्या उन्हात, सफारी घालून. मी त्या दिवसांत इतक्या साड्या विकल्या की मला अधिक मासाचं महत्त्व नव्यानं पटलं.

आणि अधिक मास म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवा, अनारसे द्या, धोंडे करून वाढा. वहिनीच्या माहेरून दादाला आमंत्रण. अख्ख्या महिन्यात कधीही या म्हणाले, दोघं जोडीनं या. जोडीनं! दोघांनी पुन्हा दोन्ही कॅलेंडरं उतरवली. शेवटी रविवारच मिळाला, ज्यासाठी कॅलेंडर बघायची गरजच नव्हती.

एप्रिलमध्ये एक जागा खरोखर चांगली निघाली होती, हे मान्य केलं पाहिजे. १४ एप्रिल, आंबेडकर जयंती, मंगळवारी. सुट्टी दोन्ही राज्यांत. ११ एप्रिल दुसरा शनिवार. मधला सोमवार तेवढा दोघांनी सीएल टाकून मारला की चार दिवस. वहिनी उत्साहानं बँकेत गेली. त्या शाखेत माणसं मोजकीच, आणि प्रत्येकाच्या घरी कालनिर्णय. सगळ्यांनी सोमवारच मागितला. कुणाच्या सासूचा गुडघा, कुणाच्या मुलाचं जावळ, एकाचं आवश्यक घरेलू कार्य. साहेबांनी सगळे अर्ज एकावर एक ठेवले, त्यांवर पेपरवेट ठेवला आणि स्वतःचा मंजूर करून घेतला. सोमवारी शाखा उघडायला कुणीतरी हवंच होतं. ते कुणीतरी वहिनी निघाली.

हा सगळा खेळ ज्यांना खेळताच येत नाही अशी माणसं आमच्या गल्लीच्या टोकालाच राहतात. पॉवरलूमवर मीटरच्या हिशेबानं मजुरी. चाललं तर पैसा, थांबलं तर नाही. मग तो नाताळ असो की बुद्धपौर्णिमा. दादानं एकदा तिथल्या एका कारागीराला मोठ्या आपुलकीनं विचारलं, "क्यों भाई, इस बार तीन दिन मिल रहे हैं, कहाँ जा रहे हो?" तो धागा जोडता जोडता म्हणाला, "बाबूजी, अपनी छुट्टी तो बिजलीवाले तय करते हैं." दादा त्या दिवशी घरी आला तो जरा गप्प होता. मग मीच त्याला नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण करून दिली. आज ज्या रविवारला जोडून आपण शुक्रवार-सोमवार शोधतो, तो रविवारसुद्धा गिरणी कामगारांना फुकट मिळालेला नाही. लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले, रविवार खंडोबाचा वार म्हणून त्या दिवशी सुट्टी द्या असंही मालकांपुढं मांडलं, आणि १० जून १८९० ला मालकांनी ती मान्य केली. दादानं लगेच हिशेब केला आणि म्हणाला, "१० जून १८९०. मंगळवार होता." याचा आजार कुठवर गेलाय ते यावरून ओळखा.

राहता राहिला नाताळ. २५, २६, २७ डिसेंबर. शुक्रवार, चौथा शनिवार, रविवार. हे तीन दिवस असे की भोपाळ आणि मुंबई आमच्या घरापुरते एक झाले. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, आधीसारखं एकशेवीस नाही. त्यामुळं ऑक्टोबरच्या शेवटी सकाळी आठला दादा आणि वहिनी दोन मोबाइल घेऊन बसणार हे जानेवारीतच ठरलं होतं. पचमढी की शेगाव यावर बोलणी चालू होती. दादाला थंड हवा हवी, वहिनीला महाराज. बोलणी सुरू असतानाच पुण्याहून आमच्या आतेभावाचा फोन.

"दादा, नाताळात तुम्हाला सुट्टीच आहे ना? पाहिलं मी, वहिनींनापण चौथा शनिवार आहे."

पुण्याच्या माणसानं रावेरच्या बँकेचा चौथा शनिवार बघून ठेवावा, ही खरी दूरदृष्टी. तो, त्याची बायको, दोन मुलं आणि त्याचे सासू-सासरे यांना बऱ्हाणपूर बघायचं होतं. कुंडी भंडारा त्यांनी मोबाइलवर पाहिला होता. अब्दुल रहीम खानखानाच्या वेळचं हे जमिनीखालचं पाण्याचं जाळं मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, तेव्हापासून आमच्याकडं नातेवाइकांचं येणं वाढलंय, हे मात्र युनेस्कोनं लक्षात घेतलेलं दिसत नाही. आम्ही इथं जन्मलो, आणि सिंधीपुऱ्यातून निघून कुंडी भंडाऱ्याची लिफ्ट जितक्या वेळा उतरलो तितक्या वेळा पाहुण्यांसोबतच. आपणहून कोण जातं?

तेव्हा नाताळात दादा कुंडी भंडारा, शाही किल्ला, मुमताजमहल जिथं १६३१ साली वारली ते सगळं दाखवणार. असीरगड चढणार, सासऱ्यांचा हात धरून. वहिनी शेवभाजी, कळण्याच्या भाकरी आणि वांग्याच्या भरताचा घाट घालणार, कारण डिसेंबरातलं भरीत खाल्ल्याशिवाय पुण्याची माणसं परत जात नाहीत. मावा जिलेबी मी आणणार. माझं काम तेवढंच. "तुम्ही किती निवांत राहता इथं," असं निघताना सासूबाई म्हणणार, हेही आम्हाला माहीत आहे. त्या प्रत्येक घरी असंच म्हणतात.

२०२७ च्या कॅलेंडराबद्दल दादा बोलत नाही. तिन्ही सोबती शनिवारी, १५ ऑगस्ट रविवारी, २६ जानेवारी मंगळवारी. त्यानं ते पान बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

वहिनी मात्र हार मानणारी नव्हे. तिनं लाल पेन २०२८ पर्यंत नेलंय. तिचं म्हणणं असं: पारशांच्या शहेनशाही पंचांगात लीप वर्ष नसतं, त्यामुळं त्यांचं नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडं सरकतं. महाराष्ट्राच्या यादीत ही सुट्टी असते. २०२४ पासून ती नेमकी १५ ऑगस्टवर येऊन बसली आणि स्वातंत्र्यदिनात बुडाली. पण २०२८ च्या फेब्रुवारीला २९ दिवस आहेत, म्हणजे त्या वर्षी पारशी नववर्ष १४ ऑगस्टला. तो सोमवार. १५ मंगळवार. आणि १२ ऑगस्ट दुसरा शनिवार. सरकारनं यादी बदलली नाही तर एकही रजा न टाकता चार दिवस. दादानं म्हटलं, "पण मला पारशी नववर्ष नाही." वहिनी म्हणाली, "तेरा सीएल कशाला ठेवल्यात मग?" झेंडावंदनाचं काय, हा प्रश्न दादानं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

हे तिनं मला स्वयंपाकघराचं दार लोटून सांगितलं, आणि कुठं बोलायचं नाही अशी शपथ घातली. पुण्याला कळलं तर संपलं. तेव्हा पुण्याच्या वाचकांनी हे शेवटचे दोन परिच्छेद वाचलेले नाहीत असं समजावं.